आधी थंडावा, मग आच

सावजी भोजनालयातला खुरांचा रस्सा पौषाच्या थंडीत रात्रभर राहिला की थिजतो आणि आचेवर चढवला की पुन्हा पातळ होतो. डुकराच्या मटणाचं सॉसेज मात्र एकदा शिजून घट्ट झालं, की कितीही तापवा, वितळत नाही. दोन्हीकडे प्रथिनांनीच पाणी धरून ठेवलेलं असतं. खुरांच्या रश्शात ते काम कोलॅजेनपासून सुटलेलं जिलेटिन करतं, स्नायूत मायोसिन.

डुकराच्या ताज्या मांसात सुमारे 75 टक्के पाणी असतं आणि प्रथिनं जेमतेम 20 टक्के. एवढ्याशा प्रथिनांनी एवढं पाणी धरायचं, तर आधी त्यांना मोकळं व्हावं लागतं. ते काम मीठ करतं. खिम्यात दोनेक टक्के मीठ घालून मळायला घेतलं की सुरुवातीला दाणे सुटे राहतात. मग बोटांना चिकटपणा लागतो, तळहात उचलला की तार येते आणि गोळा एकजीव होतो. तंतूंत अडकलेलं मायोसिन सुटून बाहेर आल्याची ही खूण. सीख कबाब करणारा कारागीर प्रथिनाचं नाव न घेता हीच तार येईपर्यंत खिमा मळत राहतो. नाहीतर कबाब सळईवरून गळून पडतो.

पुढचं काम आचेचं. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास मायोसिनच्या रेणूंची डोकी एकमेकांना चिकटू लागतात. त्यानंतर शेपट्या उलगडून गुंततात आणि सत्तरीपर्यंत जाळं पक्कं होतं. पाणी आणि चरबी त्यात अडकून राहतात.

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. मायोसिन बिघडायला लागतं ते तापमान इथे हवेतच असतं! म्हणून खिमा दळताना बर्फ घालावाच लागतो.

पण खरी गोष्ट त्याही आधी ठरलेली असते. डुकराला घाम जवळपास येतच नाही. उन्हात पाय बांधून, दुचाकीवर आडवं टाकून नेलेलं जनावर धास्तावतं. त्याच अवस्थेत ते कापलं, तर स्नायूत आम्ल झपाट्यानं साठतं, आणि तेही शरीर गरम असताना. त्यामुळे मायोसिन जागच्या जागी बिघडतं. मांस फिकट आणि लिबलिबीत होतं, पाणी सोडतं. मग मीठ कितीही घाला, जाळं नीट धरत नाही.

हे शास्त्र नागपूरला परकं नाही. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथेच आहे आणि इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयात 1958 पासून शिक्षण चालू आहे. अडचण निराळीच आहे. डुक्कर आणि ते पाळणारी माणसं, दोघांनाही समाजानं वेशीबाहेर ठेवलं. ज्या जनावराकडे बघायचंच नाही, त्याच्या सावलीची आणि पाण्याची काळजी कोण करणार? वराहपालनाच्या योजना आखताना सॉसेजच्या यंत्राआधी वाहतुकीची बंद गाडी, कत्तलीआधी काही तासांची विश्रांती आणि शीतगृह यांची तरतूद व्हायला हवी. पाळणाऱ्याच्या हाती चार पैसे जास्त पडायचे असतील, तर ते इथूनच पडतील.