डावाभोवतीची माणसं

लास व्हेगासच्या एका हॉटेलातली सकाळ. जुगारात खिसा रिकामा झालेला एक तरुण बारमध्ये बसला आहे. शेजारी नुकतीच ओळख झालेली एक मुलगी आहे. आपला लायटर कधी दगा देत नाही, असं तो बोलून जातो. ते ऐकून कार्लोस नावाचा एक ठेंगणा, गोडबोल्या गृहस्थ पैज मांडतो: लायटर सलग दहा वेळा पेटला तर माझी उघड्या टपाची मोटार तुझी, एकदा जरी चुकला तर तुझ्या डाव्या हाताची करंगळी माझी.

‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ या मालिकेतला ‘मॅन फ्रॉम द साउथ’ हा भाग 3 जानेवारी 1960 रोजी अमेरिकेत प्रसारित झाला. दिग्दर्शक नॉर्मन लॉइड. कार्लोसच्या भूमिकेत पीटर लॉरे, तरुण स्टीव्ह मॅक्वीन आणि मुलगी नील अ‍ॅडम्स. ज्या कथेवर तो बेतला आहे ती रोआल्ड डाल यांची 1948 सालची कथा जमैकातल्या हॉटेलात घडते. दूरचित्रवाणीने ती लास व्हेगासला आणली, आणि ते योग्यच झालं. नेवाडा राज्याने 1931 मध्येच जुगाराला कायद्याची मान्यता दिली होती. त्या शहरात पैज लावणं कुणालाच वावगं वाटत नाही.

खोलीत तरुणाचा डावा हात टेबलाला बांधला जातो. कार्लोस सुरा घेऊन सज्ज बसतो. एक, दोन, तीन... लायटर पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. आपण श्वास रोखून पाहत राहतो. पण त्या लायटरवरची नजर काढून टेबलाभोवतीच्या माणसांकडे पाहावं, असं मला वाटतं. या भागाचा खरा प्रश्न तिथे आहे.

पैजेला साक्षीदार हवा, म्हणून एका परक्या माणसाला पंच म्हणून वर आणलेलं आहे. त्याला हा प्रकार मनातून पटत नाही, तरी तो थांबतो. मुलीला तो पाहवत नाही, तरी ती थांबते. खिळे, दोरी आणि सुरा हॉटेलच्या नोकराने आणून दिलेला आहे. यांतल्या एकालाही कुणाचं बोट तुटायला नको आहे. प्रत्येक जण आपल्या वाट्याचं लहानसं काम तेवढं करतो. पंच तर सचोटीने वागतो. मोजणी बरोबर होते ना, हे लक्षपूर्वक पाहतो. पण जे मुळातच करू नये, ते नियमाने केल्यामुळे नीतीचं होत नाही. चार सज्जनांनी आपापला हात लावला, म्हणून ती खोली उभी राहिली. एकटा कार्लोस ती उभी करू शकला नसता.

दहा आकडे पुरे होण्याआधीच दार उघडतं आणि कार्लोसची बायको आत येते. तिचा पहिला खुलासाच सगळा डाव उधळतो. ती मोटार कार्लोसची नाहीच, तिची आहे. त्याच्याकडे पणाला लावण्याजोगं आता काहीही उरलेलं नाही. त्याच्याशीच खेळून, वर्षानुवर्षं खपून, तिने त्याचं सगळं जिंकून घेतलं आहे, म्हणजे निदान त्याच्या हाती काही राहू नये. डाल यांच्या कथेत हिशेबही दिला आहे: कार्लोसने लोकांची 47 बोटं घेतली आणि 11 मोटारी घालवल्या. मग ती मोटारीची किल्ली घ्यायला हात पुढे करते. त्या हाताला अंगठा आणि एकच बोट उरलेलं आहे.

कार्लोसला मी दुष्ट म्हणणार नाही. त्याला मोटारही नको असते आणि बोटही; त्याला पैज हवी असते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने अनिवार जुगाराला मनोविकार म्हणून आपल्या निदानग्रंथात जागा दिली ती 1980 मध्ये, आणि 2013 मध्ये त्याची गणना व्यसनांमध्ये केली. या भागाच्या तीनच वर्षं आधी, 1957 मध्ये, लॉस एंजेलिस इथे ‘गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमस’ सुरू झालं. जुगारात बुडालेली माणसं तिथे एकमेकांना आधार देत बाहेर येऊ लागली. कार्लोसला उपचारांची गरज आहे. पण तो आजारी आहे, एवढ्याने त्याच्या टेबलाशी बसलेल्या धडधाकट माणसांची सुटका होत नाही.

आपल्याला ही सभा नवी नाही. हस्तिनापुरात युधिष्ठिर खेळत होता तेव्हा भीष्म, द्रोण, कृप समोर बसलेले होते. विदुराने विरोध केला, विकर्ण उठून बोलला. भीष्म धर्माची सूक्ष्मता सांगत राहिले आणि बाकीचे वडीलधारे गप्प बसले. द्रौपदीने विचारलेला प्रश्न आजही तितकाच अचूक आहे: जो स्वतःला आधीच हरला होता, तो मला पणाला कसा लावू शकतो? कार्लोसच्या बायकोचं उत्तर त्या प्रश्नाच्या शेजारीच उभं आहे. जुगारी जे पणाला लावतो ते बहुतेक वेळा त्याचं नसतंच. ते बायकोचं, मुलांचं, म्हाताऱ्या आईबापांचं असतं.

महाभारतातली पुढची गोष्ट अधिक दुःखाची आहे. धृतराष्ट्राने सगळं परत दिल्यावरही पांडव वाटेतून माघारी फिरले आणि पुन्हा खेळायला बसले. एकदा वाचलेला माणूस त्यामुळे शहाणा होतोच असं नाही. हिचकॉकच्या भागातही शेवटी तो तरुण मुलीची सिगारेट पेटवायला जातो आणि लायटर पेटत नाही. ‘थोडक्यात वाचला’ असं म्हणून प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. पण लायटर दहाही वेळा पेटला असता तरी ती पैज अधमच ठरली असती. पैज लावणं योग्य की अयोग्य, हे तिच्या निकालावरून ठरत नसतं.

आज त्या खोलीला भिंती लागत नाहीत. ती हातातल्या मोबाइलमध्ये मावते. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हा कायदा खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही. असा खेळ चालवणारा, त्याची जाहिरात करणारा आणि त्यासाठी पैशांची देवघेव पार पाडणारा, यांना तो जबाबदार धरतो. म्हणजे त्याचं बोट टेबलाभोवतीच्या माणसांकडे आहे.

पण कायदा घरात शिरत नाही. तिथे आपणच असतो. मित्राला ‘शेवटचे एकदा’ म्हणून पैसे देणारा, मुलाचं कर्ज गुपचूप फेडून घराची अब्रू झाकणारा, भावाच्या जिंकण्याचं कौतुक करणारा आणि हरण्याबद्दल गप्प बसणारा, हे सगळे त्या खोलीतले पंचच आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. तरीही डाव त्यांच्यामुळे चालू राहतो.

तुमच्या ओळखीत असा कुणी असेल, तर त्याला हिणवू नका आणि खेळायला पैसेही देऊ नका. घरातला पैशांचा व्यवहार त्याच्या हातून काढून घ्या आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे. तिथे मराठीतून बोलता येतं. आणि हे सगळं आजच करा. कार्लोसच्या बायकोने खोलीचं दार उघडलं, पण तोवर तिची तीन बोटं गेली होती.