भय कोणी बाळगावे?



पदरचे पैसे देऊन भय विकत घ्यावे, ही मनुष्याची हौस काही आजची नव्हे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या सेंट किल्डा भागात समुद्रकाठी लूना पार्क नावाची एक लहानशी करमणुकीची बाग आहे. १९१२ साली ती उघडली तेव्हाच तेथे लाकडी रोलर कोस्टर सुरू झाला. चढउताराच्या रुळांवरून धावणारी ती छोटी गाडी. तिला स्वतःचे इंजिन नसते. प्रथम तिला उंच चढावर ओढून नेतात. पुढला सारा प्रवास त्या उंचीच्या पुण्याईवर. घर्षणाने ही पुण्याई वळणावळणाला झिजते, म्हणून पुढचा कोणताही चढ पहिल्याहून उंच बांधून चालत नाही. संचित म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगण्यास याहून सोपा दृष्टांत आम्हाला तरी सुचत नाही.

असल्या जुन्या गाडीत बसले की करकर ऐकू येते. खांब हलतात, बाक थरथरतो. नवख्याला वाटते, आता हे सारे कोसळणार! वास्तविक भार आला की लाकडी सांगाड्याने किंचित लवावे, अशीच त्याची बांधणी असते. तेव्हा नुसत्या आवाजाला भिण्याचे कारण नाही. भिण्याचे कारण दुसरीकडे असते आणि ते बसणाऱ्याला दिसत नाही.

नव्या गाड्यांना रूळ खालूनही धरून ठेवणारी चाके असतात. या जुन्या रचनेत ती नाहीत. वेग मर्यादेबाहेर गेला तर चढाच्या माथ्यावर गाडी रूळ सोडू शकते. यास्तव डब्यांच्या मध्ये एक ब्रेकवाला उभा असतो. लोक बसलेले, तो उभा. लोकांचे हात आकाशात, त्याचे हात दांड्यावर. सकाळपासून कितीही फेऱ्या झालेल्या असोत, पुढच्या फेरीला त्याला पहिल्यासारखेच सावध राहावे लागते. लोक त्याला निर्भय म्हणत असतील. पण त्यांना त्याचे कायक कळले नाही. बसणाऱ्यांनी टाकून दिलेले भय तो आपल्यापाशी सांभाळून असतो, म्हणून त्यांना हसता येते.

लंडनच्या बॅटरसी पार्कमध्येही असाच एक लाकडी कोस्टर होता. ३० मे १९७२ रोजी त्याची गाडी चढावर असताना ओढणाऱ्या दोरापासून सुटली. मागे घसरू न देणारी योजनाही तिला थोपवू शकली नाही. ती उलटी खाली आली आणि ५ मुले प्राणास मुकली. त्या मुलांपैकी कोणीही बसण्यापूर्वी दोर पाहिला नसेल. मुलांनी तो पाहायचा नसतोच! पाहणे हे दुसऱ्या कुणाचे तरी काम असते.

निर्भय व्हा, असे आम्ही प्रवचनातून सांगत असतो. बसलेल्यास ते योग्यच आहे. परंतु ज्याच्या हाती दांडा आहे त्याने निर्भय होऊन कसे चालेल? घरातला कर्ता पुरुष, पतसंस्थेचा संचालक, शाळेची गाडी हाकणारा चालक, या सर्वांपाशी दुसऱ्यांचे भय ठेव म्हणून आलेले असते. आणि पीठावर बसलेला स्वामी? त्याच्यापाशी तर सर्वांत अधिक. भक्त पायांवर मस्तक ठेवून हलक्या मनाने घरी जातो, तो काहीतरी येथे ठेवून जातो म्हणूनच ना? ते आम्ही संध्याकाळी निर्माल्याबरोबर टाकून दिले तर? हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारतो. भक्तांनीही तो आम्हास विचारावा; त्यात अविनय नाही.

जत्रेच्या दिवसांत पाळणे उभे राहतील. पंचमंडळींनी पाळणेवाल्याकडून नुसते भाडे घेऊन थांबू नये. आज सकाळी बोल्ट कोणी आवळले, असे विचारावे, आणि त्या माणसाला पुढे बोलवावे.