बोलावून घ्यायचं का?

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा खरा प्रश्न सहसा ओठांवर येतच नाही. "डॉक्टर, आता कसे आहेत?" एवढंच विचारलं जातं. मनात असतं ते वेगळंच. दुबईच्या मुलीला बोलावून घ्यायचं का? गावाकडची जमीन गहाण टाकायची का? "स्टेबल आहेत" या उत्तराने यातलं काहीच सुटत नाही. रक्तदाब औषधांच्या जोरावर टिकलाय आणि श्वास व्हेंटिलेटर देतोय, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. घरचे मात्र "बरे होतायत" असं समजतात आणि सगळ्यांना तसंच कळवतात.

डॉक्टरांची अडचण मला कळते. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या, किडनी थकलेल्या म्हाताऱ्या माणसाचं पुढे काय होईल, हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय वाईट बातमी दिली की नातेवाईक अंगावर येतील ही धास्ती. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० मध्ये कायदा करावा लागला, तो उगाच नाही. पण जे नक्की नाही, तेही स्पष्ट सांगता येतं. "आशा कमी आहे. दोन दिवसांत लघवी वाढली, रक्तदाबाचं औषध कमी करता आलं, तर थोडी आशा धरू. नाही तर परवा पुन्हा बसून बोलू." यात भाकीत कुठेच नाही, तरी मुलीचं तिकीट काढायचं की नाही ते ठरतं. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेचंही सांगणं हेच आहे की आजाराचं गांभीर्य वाढवून सांगू नये, कमी करूनही सांगू नये. उत्तर टाळलं गेलं की गरिबाची जमीन जाते आणि शेवटची भेटही राहून जाते. मी याला अन्यायच म्हणेन.

घरच्यांनी "वाचतील ना?" यावर थांबू नये. वाचले तर कसे असतील? माणसं ओळखतील? स्वतःच्या हाताने जेवतील? हे विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारायलाच हवं. आणि आपला माणूस कसा होता, त्याला काय चाललं असतं, हेही डॉक्टरांना सांगावं. आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राने उपचार नाकारण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला, २०२३ मध्ये त्याची प्रक्रियाही सोपी केली. तरी असं काही लिहून ठेवणारे आपल्यात थोडेच. तेव्हा ते बोलायचं काम घरच्यांवरच येतं. रोज एकानेच बोलावं, म्हणजे पाच जणांना पाच उत्तरं मिळत नाहीत.

रुग्णालयांकडे माझी मागणी साधी आहे. बिलाचा आकडा रोज न चुकता हातात पडतो. तसाच मोठा डॉक्टरही ठरल्या वेळी दहा मिनिटं भेटावा, जिन्यात किंवा लिफ्टपाशी नव्हे, खुर्चीवर बसून.