धृपद कोण धरणार?



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातल्या सव्विसाव्या श्लोकावर. हा श्लोक तुम्हाला माहीत असतोच. पान, फूल, फळ, पाणी, जे कोणी भक्तीने देईल ते मी खातो, असं भगवंत सांगतात. एवढ्याशा श्लोकात 'भक्ती' दोनदा येते आणि क्रियापद मात्र 'खातो' असं. 'घेतो' किंवा 'स्वीकारतो' असं नाही. ज्ञानेश्वर माउली इथे फार गोड थांबतात. फूल खरं तर हुंगायचं असतं, पण भक्ताने दिलं म्हणून देव तेही तोंडात टाकतो, असं त्यांनी रंगवलंय. आणि पुढे ते स्पष्टच सांगतात की पान-फूल-फळ हे नुसतं निमित्त, मला हवी ती भक्ती.

मी 'निमित्त' या शब्दाशी अडकलोय. कारण सध्या आमच्या घरी दिवाळीच्या सुट्टीचं प्लॅनिंग चाललंय.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. आम्ही पुण्यात राहतो, पण दिवाळीची सुट्टी लागली की ती तेरजवळच्या आमच्या गावी आजीकडे जाते. कोजागरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत गावच्या विठ्ठल मंदिरात रोज पहाटे काकडा असतो. ज्यांनी कधी ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, काकडा म्हणजे फक्त एक आरती नाही. देवाला उठवायचे अभंग, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे-पांगळे, जोगी अशी रूपकं, नंतर गौळणी, आणि शेवटी आरती. दीड-दोन तास सहज जातात. सुट्टीतल्या एका रविवारी हा सगळा काकडा गावातली लेकरंच म्हणतात. भजनी मंडळातल्या बायका त्यांच्याकडून आठ-दहा दिवस चाली बसवून घेतात. शाळेच्या गॅदरिंगसारखंच म्हणा, फक्त पडदा नाही, माईक बहुतेक वेळा बिघडलेला आणि वेळ पहाटे पाचची.

गेल्या वर्षी तिच्या वाट्याला एक गौळण आली होती. पूर्ण गौळण तिने सांगायची, बाकीच्यांनी मागून धरायची.

आम्ही काय केलं? ते निमित्त धरून ट्रिप आखली. भाऊ, वहिनी, त्यांची मुलं, आम्ही दोघं, सात जण. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघाला. 'गावाकडे जातोच आहोत तर' हे वाक्य त्या ग्रुपवर किती वेळा आलं असेल, मोजलं नाही. जातोच आहोत तर तुळजापूर करू. तुळजापूर करतोय तर नळदुर्ग राहिलाच कशाला? पाऊस चांगला झालाय, पाणी महालावरून धबधबा पडत असेल. शनिवारी पहाटे पुणे सोडलं. तुळजापुरात दर्शनाच्या रांगेत चार तास गेले, मग नळदुर्ग. आणि खोटं का बोलू, नळदुर्ग पाहून मी भारावून गेलो. बोरी नदीवर किल्ल्याच्या आतच बांध घालायचा, त्या बांधाच्या पोटात महाल ठेवायचा आणि डोक्यावरून पाणी पडत असताना आत कोरडं बसायचं. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातली ही करामत. मुलं निघायलाच तयार नव्हती. मीही नव्हतो. अंधार पडला, मग ठरलं की मुक्काम तुळजापुरात करू आणि पहाटे पावणेचारला निघू. पाचच्या आधी मंदिरात.

निघालो साडेचार वाजता. कोणाची आंघोळ, कोणाचा चहा, एका चपलेचा शोध. कोणा एकाचा दोष नाही, आणि म्हणूनच मला तो जास्त लागतो.

मंदिरात शिरलो तेव्हा आरतीची तयारी चालली होती. गौळणी संपल्या होत्या. लेक टाळ घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, हसली, पुन्हा टाळाकडे वळली. आजीने मात्र सोडलं नाही. बाहेर पायरीवर म्हणाली, "लेकरू चारला उठून बसलंय. गौळण सांगितली आन् मागं धरायला तिथं पाच माणसं. दाराकडं बघत बघत दोनदा धृपद एकटीनंच म्हणली."

हे ऐकलं तेव्हा मला काय झालं ते इथे लिहिणं अवघड आहे.

भजनाचा एक नियम आहे, तो आपल्याला शहरात राहून विसरायला होतो. भजनात प्रेक्षक नसतो. एकाने चरण सांगायचा आणि बाकीच्यांनी धृपद धरायचं. जो समोर बसलाय तोही धरणाराच. गाणाऱ्याला श्वास घ्यायला तेवढीच जागा मिळते. मी माझ्या मनात 'मुलीचा कार्यक्रम बघायला' निघालो होतो. कार्यक्रम चुकला तर व्हिडिओ असतो, कोणीतरी काढतंच. पण तिने मला बघायला बोलावलंच नव्हतं. तिने गृहीत धरलं होतं की मागून एक ओळखीचा आवाज येईल. तो आवाज व्हिडिओत कसा मिळणार?

त्याच दिवशी नाश्ता करून आम्ही तेरला गेलो. तेर म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं शहर, ग्रीक प्रवासवर्णनात नाव असलेलं. पण आमच्यासाठी ते गोरोबाकाकांचं गाव. तेरणेच्या काठी त्यांची समाधी. दर्शन झाल्यावर मी सवयीने लेकीला गोष्ट सांगायला लागलो. काका चिखल तुडवत होते, मुखात विठ्ठलाचं नाम, डोळे मिटलेले. बायको पाण्याला गेलेली. तान्हं बाळ रांगत आलं आणि पायाखाली चिखलात तुडवलं गेलं, तरी काकांना कळलं नाही, इतके ते तल्लीन.

ती म्हणाली, "बाळ रडलं असेल ना? मग ऐकू कसं नाही आलं?"

मित्रांनो, ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकलीय, दोनदा तुमच्यासाठी लिहिलीही आहे. दर वेळी तल्लीनतेचं कौतुक करून पुढे गेलो. त्या दिवशी पुढे जाता आलं नाही. मी काहीतरी पुटपुटलो की ते देवाच्या नामात होते. ती गप्प बसली. मला वाटतं, ती हिशेब लावत होती. काका देवाच्या नामात होते म्हणून त्यांना ऐकू आलं नाही. बाबा कशात होते?

रात्री महिपतींच्या 'भक्तविजया'तली कथा पुन्हा काढून वाचली. आपण ती अर्ध्यावर सोडतो. त्या कथेत आईचा आक्रोश आहे, तिचा संताप आहे आणि कोणीही तिला 'भक्ती समज' असं सांगून गप्प करत नाही. पुढे गोरोबांचे हात जातात. शेवट पंढरपुरात होतो, नामदेवांच्या कीर्तनात. नामाच्या गजरात गोरोबा नुसते खांदे वर करतात आणि हात फुटतात. आणि ते बाळ जिवंत होऊन आईकडे येतं. म्हणजे देवाने त्या तल्लीनतेचं बक्षीस म्हणून बाळाचा हिशेब मिटवला नाही. ते लेकरू परत केलं. परंपरेलाही तो प्रश्न बोचत होता, असं मला वाटतं. नाहीतर बाळाला परत आणायची गरजच काय होती? तेही भर कीर्तनात, जिथे सगळे मागून धरत होते.

आता या वर्षीचं सांगतो. गेल्या आठवड्यात ग्रुप पुन्हा जागा झाला. या वेळी परांड्याचा किल्ला आणि येडशीचं रामलिंग. जेवताना मी लेकीला रविवारची तारीख विचारली. ती पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "तुम्ही नाही आलात तरी चालेल, बाबा. आजी म्हणते विठ्ठल ऐकतो."

पहिल्या क्षणी मला चक्क अभिमान वाटला. बघा, नऊ वर्षांची पोर आणि फळाची अपेक्षा सोडून गातेय! यावर एक छान पोस्ट होईल, असंही मनात येऊन गेलं. (हो, आलं. लपवत नाही.) मग ताटातला भात गार होईपर्यंत तसाच बसलो.

कारण ते वाक्य खरं आहे. विठ्ठल ऐकतो. पाच माणसं असोत की एकही नसो, त्या गौळणीतलं अक्षरही वाया गेलं नाही, यावर माझी श्रद्धा आहे. आजीने ते सांगितलं ते लेकराचं मन सावरायला, आणि तिला तो हक्क आहे, ती तिथे पहाटे चारपासून बसली होती. पण हेच वाक्य मी म्हटलं तर? तर ती माझी सुट्टी झाली. देव ऐकतोय, म्हणजे मी नाही ऐकलं तरी चालतंय. एकच वाक्य, एकाच्या तोंडी श्रद्धा आणि दुसऱ्याच्या तोंडी पळवाट. आपण मंदिरात, घरात, आजारी माणसाच्या उशाशी हे किती वेळा करतो! 'देव बघून घेईल' असं म्हणून मोकळे होतो आणि आपल्या वाटचं धृपद देवावर टाकतो.

आणि तिने ते निष्काम होऊन म्हटलं की दुखावून, हे मला आजही ओळखता येत नाही. कदाचित तिलाही येत नसेल.

यावरून कोणी असं समजू नका की ट्रिप वाईट आणि फक्त काकडा चांगला. तसं मला वाटत नाही. माझी पणजी तुळजापूरहून येताना कवड्याची माळ आणायची तशी बांगड्याही आणायची, आणि बांगड्यांच्या गप्पा माळेपेक्षा जास्त दिवस चालायच्या, असं घरात अजून सांगतात. यात्रा ही कायमच देव, नातेवाईक, खाऊ आणि भटकंती यांची मिसळ होती. निमित्ताशिवाय माणसं घराबाहेर पडत नाहीत. प्रश्न एवढाच की कशासाठी काय निमित्त आहे. माउली म्हणतात, फूल निमित्त आणि भक्ती खरी. आम्ही लेकीचं गाणं निमित्त केलं आणि धबधबा खरा केला. क्रम उलटा झाला आणि गंमत म्हणजे सातपैकी एकालाही तो उलटा झालेला दिसला नाही. सगळे तिच्यासाठीच तर निघालो होतो.

काल मी ग्रुपवर लिहिलं की आम्ही शनिवारी दुपारीच बार्शीमार्गे थेट गावी पोहोचतोय आणि गावीच झोपतोय, किल्ला-बिल्ला रविवारी दुपारनंतर, जमलं तर. भाऊ थोडा नाराज आहे. 'एवढ्या लांब जाऊन नुसतं घरी बसायचं?' असा त्याचा मेसेज आला, खाली दोन अंगठे. वहिनीने मात्र खाजगीत विचारलं की गौळणीची चाल कोणती, आम्हालाही धरता यायला हवी.

मलाही ती माहीत नव्हती. रात्री लेकीजवळ जाऊन बसलो आणि म्हटलं, शिकव. तिने आधी संशयाने पाहिलं. मग पलंगावर मांडी घालून, हाताने ताल देत दोन ओळी म्हणून दाखवल्या. मी तिसऱ्या मात्रेला चुकलो. ती म्हणाली, पुन्हा. पाच-सहा वेळा झाल्यावर जरा जमलं.

दिवा मालवताना तिने सांगितलं, "पखवाजाच्या मागे बसू नका. तिथून आवाज पुढे येत नाही."

रामकृष्णहरी.