ब्रेक न दाबता होणारी झीज

साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीच्या उतारावर ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग हातात थरथरायचे. वेग ८०-९०च्या घरात असला की जास्त, ५०च्या खाली आला की थरथर विरून जायची. ब्रेक सोडला की गाडी एकदम शांत. ही तक्रार घेऊन मी दोन वर्षांत तीनदा गॅरेजमध्ये गेलो. पहिल्यांदा पुढच्या दोन्ही डिस्क लेथवर फेस मारून मिळाल्या. ७,००० किलोमीटर छान गेले आणि थरथर परत आली. दुसऱ्यांदा डिस्क आणि पॅड दोन्ही नवे बसवले. ८,००० किलोमीटरनंतर पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी उत्तर मिळाले, ‘डिस्क परत बेंड झाली. घाटात तापते ना.’

हे उत्तर मला पटेना. तापून वाकायची असती, तर डिस्क पहिल्या-दुसऱ्या घाटातच वाकली असती. दर वेळी सात-आठ हजार किलोमीटर ती कशासाठी थांबत होती? त्या आकड्याचा माग काढत गेल्यावर जे समजले ते असे: थरथर जाणवते ब्रेक दाबल्यावर, पण तिचे कारण घडत असते ब्रेक दाबलेला नसताना. ऐकायला हे उलटे वाटते, म्हणून सावकाश उलगडून पाहू.

चाकामागे बिडाची डिस्क चाकाबरोबर फिरते. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पुढे येतो आणि दोन्ही पॅड डिस्कला चिमटीत धरतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हा कॅलिपर दोन पिनांवर आत-बाहेर सरकू शकतो. त्यामुळे डिस्क फिरताना किंचित डुलत असली, तरी कॅलिपर तिच्या डुलण्यामागे सरकतो आणि चिमटीचा दाब जवळपास सारखाच राहतो. म्हणजे नुसते डुलणे पायाला किंवा हाताला फारसे कळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढचा सारा उलगडा तिच्यावर उभा आहे.

कळते ते जाडीतले अंतर. डिस्क एका जागी जाड आणि दुसऱ्या जागी पातळ असेल, तर जाड भाग चिमटीत आला की पॅड बाहेर रेटले जातात, पिस्टन मागे ढकलला जातो आणि ऑइलचा दाब वाढतो. पातळ भाग आला की दाब पडतो. दाब वाढला की चाक जास्त आवळले जाते, पडला की सैल होते. ज्या लहान गाड्यांच्या चाकाचा घेर साधारण १.९५ मीटर असतो, त्यांचे चाक ८०च्या वेगाला सेकंदाला ११ फेऱ्या करते. म्हणजे ही आवळ-सैल सेकंदाला किमान ११ वेळा होते. पुढच्या सस्पेन्शनची आणि स्टेअरिंगची आपली अशी एक लय असते. हे झटके त्या लयीशी जुळले की थरथर मोठी होते, वेग उतरून लय सुटली की ती विरते. ८०ला थरथर आणि ५०ला शांतता, याचे कारण हेच.

हे अंतर किती असावे लागते? १५ ते २० मायक्रॉन पुरतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर केसाच्या पाव हिश्शाएवढी तफावत अख्खे स्टेअरिंग हलवते. ती डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवून कळत नाही. डिस्क समोर धरून ‘चांगली दिसते’ किंवा ‘वाकलेली दिसते’ असे म्हणण्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

आता मुख्य प्रश्न. नवी डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची असते. मग तिच्यात हा पाव केस कुठून येतो?

डिस्क ज्या गोल बैठकीवर बसते तो हब. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी आणि चिखल तिथे पोहोचतो आणि हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे चढतात. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, ते आणखी लवकर चढतात. अशा हबवर नवी डिस्क बसवली की ती पापुद्र्यावर टेकते आणि किंचित तिरपी होते. हबचा व्यास १४० मिलिमीटर आणि डिस्कचा २६० धरा. हबच्या कडेला ०.०५ मिलिमीटरचा पापुद्रा राहिला, तर डिस्कच्या कडेला तो जवळपास दुप्पट, म्हणजे ०.०९ मिलिमीटरचे डुलणे होऊन उमटतो. हब स्वच्छ असूनही चाकाचे नट एअर गनने कमीजास्त आवळले, तर डिस्कवर असाच तिरपा ताण येऊ शकतो.

अशी डुलणारी डिस्क लावून गाडी गॅरेजबाहेर येते. ट्रायल घेतली तर ब्रेक मुलायम लागतात, कारण जाडी अजून सारखी आहे आणि डुलणे कॅलिपर सांभाळून घेतो. मालक खूश, मेकॅनिकही खूश. इथून पुढे महामार्गावर ताशी ८०-९०ने गाडी पळते आणि ब्रेकला पाय लागत नाही. पेडल सोडले तरी पॅड डिस्कपासून दूर जात नाहीत. अगदी जवळ, जेमतेम सुटे असे राहतात. डुलणाऱ्या डिस्कचा एक उंच भाग दर फेरीत बाहेरच्या पॅडला हलकेच घासून जातो, आणि त्याच्या बरोबर समोरचा भाग आतल्या पॅडला. घासतात त्या दर वेळी त्याच दोन जागा. बाकीची डिस्क कोरी.

७,००० किलोमीटरमध्ये चाकाच्या सुमारे ३६ लाख फेऱ्या होतात. तेवढ्यात ३० मायक्रॉन झीज झाली, तर एका फेरीच्या वाट्याला लोखंडाच्या एका अणूच्या जाडीपेक्षाही कमी झीज येते. एका फेरीत काही घडते असे म्हणताच येत नाही, आणि तरीही छत्तीस लाख फेऱ्यांत डिस्क बिघडते. जुन्या विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोराने पडलेली खाच आठवावी. एका खेपेला दोर दगडाचे काय बिघडवतो? पण घागर रोज त्याच जागेवरून ओढली जाते.

सात-आठ हजार किलोमीटर कशासाठी लागतात, ते आता कळेल. तो झिजायला लागणारा वेळ आहे. शहरात सतत ब्रेक मारत चालणाऱ्या गाडीत पॅड जोराने दाबले जातात आणि डिस्कचा चढउतार थोडाफार घासून सपाट होत राहतो. लांब पल्ल्याच्या गाडीत ती संधी कमी. लेथवर फेस मारल्याने किंवा नवी डिस्क घातल्याने खाच जाते, पण दोर त्याच जागी राहतो. म्हणून दुखणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

माझे दाजी भोसरीत टूल रूममध्ये काम करतात. एका रविवारी ते डायल गेज आणि मायक्रोमीटर घेऊन घरी आले. चाक काढले, डिस्क नट लावून हबवर पक्की आवळली, गेजची सुई बाहेरच्या कडेपासून सुमारे १० मिलिमीटर आत टेकवली आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. डाव्या बाजूला डुलणे ०.१३ मिलिमीटर निघाले. बहुतेक गाड्यांना ०.०५ ते ०.१० पर्यंतचीच मुभा असते. मग मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजली: सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ जागेत ०.०३चे अंतर. डिस्क उतरवली तेव्हा हबवर तपकिरी गंजाचे कडे होते. ‘नवी डिस्क बसवताना इथे कोणी हात फिरवला नाही,’ दाजी म्हणाले. तारेच्या ब्रशने आणि एमरीने हब चकाकेपर्यंत घासला. डिस्कची आतली बाजूही पुसली. पुन्हा मोजले तर ०.०७. मग दाजींनी डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवली. चार बोल्टच्या हबवर डिस्क चार प्रकारे बसू शकते, आणि एखाद्या जागी हबचा आणि डिस्कचा तिरपेपणा एकमेकांना मारतो. तिसऱ्या जागी ०.०४ मिळाले. तिथे खडूने खूण केली. जाडीतले अंतर मात्र डिस्कमध्ये झिजून बसलेलेच होते. फेस मारायला पुरेशी जाडी शिल्लक होती. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. दुसऱ्या दिवशी फेस मारून आणली, त्याच खुणेला बसवली आणि नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळले.

प्रत्येक थरथरीचे मूळ हबवरच असते असे मात्र नाही. ब्रेक न दाबताही स्टेअरिंग हलत असेल, तर आधी व्हील बॅलन्सिंग आणि टायर पाहावेत. निसरड्या रस्त्यावर जोराचा ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली धडधडते ते एबीएसचे काम, बिघाड नव्हे. स्टेअरिंग शांत आणि सीट हलते, तर संशय मागच्या ड्रमवर घ्यावा. कॅलिपरच्या पिना कोरड्या पडून अडकल्या, तर पॅड सुटतच नाही आणि डिस्क सरळ असूनही झिजते. म्हणून पिना काढून ग्रीस केल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये. घाट उतरून तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी बराच वेळ उभी ठेवली, तर पॅडचा थर एका जागी चिकटून बसतो. तशी थरथर त्याच दिवशी येते, सात हजार किलोमीटर वाट पाहत नाही. लोअर आर्मचे बुश सैल असतील तर ते थरथर वाढवतात. फक्त तेच बदलले तर ती दबते, मूळ तसेच राहते. आणि गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा पेडल खोल जात असेल, तर आधी गाडी उभी करावी, बाकी विचार नंतर.

म्हणून गॅरेजमध्ये ‘थरथर येते’ एवढेच सांगू नये. मागच्या कामानंतर किती किलोमीटरने आली ते सांगावे. आणि डिस्कचे काम झाले की चाक चढवण्याआधी बिलावर दोन आकडे लिहून मागावेत: डिस्क हबवर बसवून मोजलेले डुलणे, डावीकडचे आणि उजवीकडचे. हे मोजायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. माझ्या जुन्या तीन बिलांवर डिस्क, पॅड, लेथ आणि मजुरी सगळे आहे, मोजमाप एकही नाही. चौथा कागद दाजींच्या अक्षरातला आहे: डावे ०.०४, उजवे ०.०३. त्यानंतर २२,००० किलोमीटर झाले आहेत आणि खंबाटकीच्या उतारावर स्टेअरिंग हातात शांत असते.