ठामपणाची किंमत कोणी मोजावी?

तत्त्वासाठी अडून बसणारा राजकारणी काहींना धीरोदात्त वाटतो, काहींना हेकेखोर. अमेरिकेतील आरोग्यविमा कायद्याचा निधी रोखावा म्हणून सिनेटर टेड क्रूझ यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये सभागृहात सलग २१ तासांहून अधिक काळ भाषण केले. खर्चास मंजुरी न मिळाल्याने १ ऑक्टोबरपासून १६ दिवस सरकारचे बरेचसे कामकाज ठप्प झाले. सुमारे ८ लाख कर्मचारी बिनपगारी घरी बसले. (तो पगार पुढे मिळाला.) कायदा मात्र तसाच राहिला.

क्रूझ यांच्या चाहत्यांना अशा वेळी रक्तसाक्षी आठवतात. संत थॉमस मोर राजा आठव्या हेन्रीपुढे झुकले नाहीत. १५३५ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली त्यांना राजकारण्यांचे आश्रयदाते संत घोषित केले. परंतु मोर यांनी पद सोडले, शपथ नाकारली; राज्याचा गाडा अडवला नाही. किंमत त्यांनी स्वतः मोजली. (कुटुंबाची मालमत्ता गेली, हेही खरे.)

त्या कायद्याचाही भार लोकांवरच होता, असे क्रूझ यांचे समर्थक म्हणतील. हा युक्तिवाद हलका नव्हे. मला तो अपुरा वाटतो. कायद्याचे कर्ते बराक ओबामा यांना मतदारांनी २०१२ मध्ये पुन्हा निवडले होते. सिनेटची पुढची निवडणूक वर्षभरावर होती. कारकुनाला घरभाडे मात्र त्याच महिन्यात द्यायचे होते.