झांज मांडीवर

गणपतीतलं भजन म्हणजे आमच्या वाडीची इभ्रत. त्या वर्षी बुवा नवे होते. मुंबईहून आलेले, गळा कमावलेला, आणि हौस गळ्याहून मोठी. पेटी, पखवाज, चार झांजा, आठ टाळ असा सरंजाम त्यांनी जमवला. मी झांजेवर.

पहिल्या रात्री रूपाच्या अभंगापासूनच आम्ही तुटून पडलो. लय चढी, सगळी वाद्यं एकदम, एकाचंही तोंड क्षणभर मिटलेलं नाही. थोडा वेळ माणसं डोलली. मग एकेक जण पडवीत सरकला. बायका वाती वळायला बसल्या. गौळणीपर्यंत पोचलो तेव्हा समोर गणपती आणि पेंगलेली दोन पोरं, एवढेच उरले होते. भर भजनात चहाची किटली फिरली आणि कपबश्या वाजल्या, ते कुणालाच खटकलं नाही. बुवा म्हणाले, "उद्या अजून दोन झांजा वाढवू."

दुसऱ्या दिवशी आमचा पखवाजी तापाने झोपला. बुवा नाइलाजाने वरच्या घरातल्या आजोबांकडे गेले. आजोबा संध्याकाळी आले ते भिजवलेल्या कणकेचा गोळा घेऊनच. पखवाजाच्या डाव्या पुडीवर त्यांनी थोडी कणीक थापली, थाप मारून कान दिला, नखाने चिमूटभर काढली, पुन्हा थाप. ते बराच वेळ चाललं होतं. मधेच मान वर न करता म्हणाले, "बुवा, आज गजर येईपर्यंत झांजा मांडीवर. टाळ एकच जोडी, तीही हलकी."

"लोक उठून जातील, आजोबा."

"काल बसले होते?"

बुवांना ते झोंबलं. "संगीत शाकुंतलात दोनशेच्या आसपास पदं होती. १८८० साली लोक ऐकत होतेच ना?"

आजोबा तरुणपणी गावच्या नाटकात तबल्याला बसत. ते म्हणाले, "होती की. पण साकी झाली की दिंडी, दिंडी झाली की रागातलं पद, मधे बोलणं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी एकच जिन्नस दोनशे वेळा वाढला नव्हता. अळवाचं फदफदं कितीही झकास जमलं, म्हणून पानभर तेच वाढता का?"

रात्री बसलो. पहिला अभंग नुसती पेटी आणि बुवांचा गळा. आजोबांनी पहिल्या चरणाला पखवाजाला हातसुद्धा लावला नाही. झांजकऱ्याला गप्प बसवणं ही शिक्षाच. माझे तळवे शिवशिवत होते. पण पडवीतलं बोलणं खाली आलं, हे मला पहिल्यांदा ऐकू आलं, कारण काल माझ्या झांजेपुढे मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. दुसऱ्या चरणाला पखवाज आला, साधा आठ मात्रांचा ठेका, एकही जास्तीचा बोल नाही. गौळणीला आजोबांनी ठेक्याची चाल बदलली, तशी दारातली दोन माणसं आत येऊन टेकली. माजघरातल्या वाती तशाच पडल्या.

गजराला त्यांनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली. चारही झांजा एका दमात पडल्या. सगळं घर टाळ्या धरून गात होतं, लय चढत होती, आणि ऐन भरात आजोबांनी दोन्ही पुड्यांवर पंजे ठेवले. आम्हीही चपापून थांबलो. राहिला फक्त लोकांचा आवाज आणि त्यांच्या टाळ्या, एक आवर्तन, दुसरं आवर्तन. तिसऱ्याच्या समेवर ओल्या कणकेची ती खोल थाप पडली, आणि पडवीतला शेवटचा माणूसही आत आला.

मग भैरवी झाली. बुवांनी पेटीचा भाता मिटला आणि काही न बोलता आजोबांच्या पाया पडले.

चहा त्या रात्री दोनदा गरम करावा लागला.